न घातलेल्या मागणीला नकार

सनोबरने सत्तावीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात जोड्या लावल्या. यंत्रातून मोज्यांचा ढीग पडायचा आणि ही लांबी, रंग, टाच बघून एकाला एक जुळवायची. कारखाना बंद पडला, पण हाताची खोड जाते थोडीच? मोजे संपले तशी तिने माणसं घेतली.

आमच्या कोकंदच्या मोहल्ल्यात तिने एक्केचाळीस लग्नं जमवली. मोबदला म्हणून एक ओढणी आणि लग्नाच्या पुलावाची पहिली थाळी, बस. गल्लीतून चालताना तिचं लक्ष रस्त्यावर कधीच नसायचं. कुठल्या अंगणात मुलाचा सदरा वाळतोय आणि कुठल्या अंगणात मुलीचा झगा, त्यावर डोळा. आमचे हे म्हणतात, "सनोबर येणार असेल तर दारात एकटी चप्पल ठेवू नका. तिचंही उरकून टाकेल."

अशी ही बाई गेल्या हिवाळ्यात घरात तोंड लपवून बसली. कारण एक्केचाळिसावं लग्न. ते माझ्या भाचीचं, दिलोरोमचं.

मागणीच्या दिवशी मुलाकडच्या दोघी, सनोबर आणि मी माझ्या भावाच्या घरी खाण्यासाठी पसरलेल्या दस्तरखानाभोवती बसलो होतो. दिलोरोम चहा घेऊन आली. मानाच्या पाहुण्याला आपण पियाल्याच्या तळाशी दोन घोट देतो. ते संपले की आणखी दोन, म्हणजे बसा, आमच्या हातून पुन्हापुन्हा घ्या. काठोकाठ भरलेला पियाला हाती आला की माणसाने तो प्यावा आणि चपला शोधाव्या. दिलोरोमने आम्हा चौघींना काठोकाठ भरून दिले. माझ्या बोटांना चटका बसला. मी सनोबरकडे पाहिलं, सनोबरने माझ्याकडे. मग ती हसून म्हणाली, "पोर लाजलीय, हात थरथरतोय." सगळ्या हसल्या. मीही हसले. स्थळ चांगलं होतं, घर मोठं होतं, आणि मला तेच ऐकायचं होतं.

पाच महिन्यांनी दिलोरोम एक पिशवी घेऊन परत आली. नवरा लग्नाच्या विसाव्या दिवशी परदेशी कामाला गेला तो फोनही करेना, आणि सासूला सून नको होती, मोलकरीण हवी होती.

सनोबरला कुणी काही बोललं नाही. माझी वहिनी तर रस्त्यात दिसली की पूर्वीसारखीच विचारपूस करायची. पण सनोबरने सोयरीक या शब्दाला तोबा केली. भावाचं घर तिच्या घरापासून तिसरं. ते दार टाळायला ती बाजारात मागच्या नाल्याच्या वाटेने जायला लागली. चिखलात. दोनदा घसरली, पण वाट सोडली नाही.

यंदा नवरोज, आमचा वसंतातला नववर्षाचा सण, सोमवारी आला. शनिवार, रविवार धरून तीन दिवस सुट्टी. शुक्रवारी नमाजाहून आल्यावर हे म्हणाले, "तुझी मैत्रीण नवरोजलाही नाल्यानेच जाणार का? घेऊन जा तिला कुठेतरी." आणि फोनवर बोटं फिरवून समरकंदची दोन तिकिटं काढूनही टाकली. मी तशीच चपला घालून सनोबरकडे गेले. ती रजई शिवत होती.

"ऊठ, उद्या समरकंदला जायचंय."

"अल्ला! कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. फिरायला."

"फिरायला? आपण?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "मुनिरा, तुला बरं नाहीये."

अर्धा तास 'रजई राहिलीय', 'गुडघा दुखतोय', 'मांजराला कोण बघेल' असं सगळं झालं. शेवटी म्हणाली, "येते. पण एक अट. वाटेत लग्न हा शब्द काढायचा नाही. मी कुणाकडे बघणार नाही, तू मला दाखवायचं नाही."

"बरं."

"बोहल्यावरची बाहुलीसुद्धा नाही."

"बरं म्हटलं ना!"

बोलताबोलता ठरलेल्या या सहलीला सनोबरने जे सामान घेतलं ते एखाद्या कुटुंबाला वर्षभर पुरलं असतं. चाळीस सामोसे, उकडलेली अंडी, सुकी जर्दाळू, चहाची किटली, आणि पाण्याच्या तीन मोठ्या बाटल्या. "समरकंदचं पाणी कसं असेल कुणास ठाऊक." दोन हजार वर्षं माणसं तेच पाणी पिऊन जगतायत, हे मी सांगून पाहिलं. "त्यांना सवय आहे," ती म्हणाली. डोंगराच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा ती डोळे मिटून दुआ पुटपुटत होती, बोगदा संपल्यावर डोळे उघडून समोरच्या तरुणाला तिने विचारलं, "बाळ, कुठला तू? घरी कोण कोण?" मी तिच्या पायावर पाय दिला. "अगं, सहज विचारलं," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. ताश्कंदला गाडी बदलून समरकंद येईपर्यंत तशीच बसली होती, मानी कोंबडीसारखी.

अल्लाची करणी पाहा. शनिवारी संध्याकाळी आम्ही रेगिस्तान चौकात पोचलो, तर तिथे नवऱ्यामुलींचा पूर आलेला. सुट्टीचा शनिवार, प्रत्येकीला त्या निळ्या घुमटांसमोर फोटो काढून घ्यायचा. पांढरे घोळदार झगे, मागून झगा उचलणाऱ्या बहिणी, घामाने भिजलेले नवरे. मी मोजल्या, सात होत्या. सनोबरने मान जी वर केली ती खाली आणलीच नाही. आभाळाकडे बघत ती चौकभर फिरली, एका मुलाच्या सायकलला धडकली, माफी मागितली तीही आभाळाचीच.

"काय दिसलं?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"घुमट. छान आहेत. एवढ्या उंचावर पुसतं कोण?"

रविवारी शाह-ए-झिंदाच्या जुन्या कबरस्तानात गेलो. तिथल्या पायऱ्या वर जाताना मोजायच्या आणि उतरताना मोजायच्या. आकडा जमला तर मनातली दुआ कबूल आणि पाप धुतलं गेलं, असं लोक मानतात. किताबात असं काही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मीही मोजल्या. कबरींपाशी आम्ही दुआ मागितली. सनोबर बराच वेळ हात पसरून उभी राहिली. खाली उतरलो तेव्हा तिचा चेहरा पडलेला.

"वर जाताना छत्तीस, खाली अडतीस."

"मधे तू त्या जर्दाळूवाल्या बाईशी बोलत होतीस की! बोलताना मोजलं की चुकणारच."

"नाही मुनिरा. मला कळलं. नाही धुतलं जात ते."

माझे दोन्ही आकडे जमले होते, आणि ते मला खरे वाटत नव्हते. चटका माझ्याही बोटांना बसला होता.

पुढे बाजारात दोन नान घेतले. समरकंदचा नान न घेता परत जाणाऱ्याला आमच्याकडे घरात घेत नाहीत. नान उघडा मिरवू नये, म्हणून सनोबरने पिशवीतला भरतकाम केलेला पांढरा रुमाल काढून तो त्यात बांधला. तेवढ्यात असरची, दुपार उतरतानाची अजान झाली. मशिदीकडे पुरुषांची रीघ लागलेली. मी म्हटलं, कुठल्या तरी घरी वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी मागू, कोपऱ्यात नमाज पढू, कोण नाही म्हणणार? जुन्या गल्लीत शिरलो. एका घराचं दार सताड उघडं, उंबरा झाडलेला, पाणी शिंपडलेलं. मी कडी वाजवली.

पन्नाशीची एक बाई धावतच आली. मखमली झगा, नवी ओढणी. तिने आधी आमच्याकडे पाहिलं, मग सनोबरच्या हातातल्या रुमालाच्या गाठोड्याकडे, आणि तिचा चेहरा उजळला.

"या, या! केव्हाची वाट बघतेय. सुट्टीची गर्दी लागली असेल रस्त्यात?"

"फार गर्दी," मी म्हटलं. "माफ करा, वजूला पाणी मिळेल का, असं विचारायला आलो होतो."

"पाणी! हो, हो, पाणी!" ती अशी हसली की जणू मी मोठा विनोद केला. "आपा, लोक येतात ते शेळी हरवली म्हणतात, वाट चुकलो म्हणतात. वजूचं पाणी हे पहिल्यांदाच ऐकलं. किती गोड!"

समोरच्या दारातून दोन शेजारणी माना काढून बघत होत्या. सनोबरने माझा दंड असा धरला की नखं रुतली. तिला माझ्या आधी कळलं होतं. उतरत्या दुपारी, नटून थटून, रुमालात दोन नान बांधून आलेल्या दोन पोक्त बायका, आणि घरात लग्नाची मुलगी! आणखी काय समजणार कुणी? मागणी घालायला येणारे कामाचं नाव चहाआधी काढत नाहीत, आणि घरचे विचारत नाहीत. आम्ही खरं बोलत होतो आणि खऱ्यालाच बहाणा समजलं जात होतं.

"मुनिरा," सनोबर कानात पुटपुटली, "मी तोबा केलीय ना?"

"तू काही केलं नाहीस. नान धरलायस नुसता."

"आता काय करायचं?"

"मी आधी नमाज पढते," मी म्हटलं. वेळ टळत होती. खरं सांगायचं तर तेवढीच सुटका.

नमाज पढून बाहेर आले तर सनोबर मानाच्या जागी, दाराच्या समोर, तीन गाद्यांवर बसवलेली. एकेकाळी या जागेसाठी तिने दुसऱ्या एका सोयरीकवालीशी वर्षभर अबोला धरला होता. आज निखाऱ्यावर बसल्यासारखी बसली होती. घरधनीण, सालोमतआपा, बदामाची बशी पुढे सरकवत होती. "आमची मेहरंगेज फार कामसू. एकुलती एक. वडील नाहीत तिला. मीच वाढवली."

मेहरंगेज किटली घेऊन आली. पंचविशीची, उंच, खाली बघणारी. तिने रीतीप्रमाणे चहा तीनदा पियाल्यात ओतून परत किटलीत घातला. मग पियाला घेतला आणि ओतत गेली, ओतत गेली. चहा काठाला आला, काठावर फुगला. तिने उजवा हात छातीशी धरून डाव्या हाताने तो सनोबरला दिला. मग मला, तसाच.

सालोमतआपाचा चेहरा लाल झाला. घाईघाईने हसून म्हणाली, "पोर लाजलीय, हात थरथरतोय."

पोरीचा हात मुळीच थरथरत नव्हता. थरथरला तो सनोबरचा. चहा तिच्या झग्यावर सांडला. तिने पियाला खाली ठेवला.

"बहिणी," ती म्हणाली, "तुम्ही ज्यांची वाट बघताय त्या आम्ही नाही. कोकंदच्या आहोत. फिरायला आलो. पाणी हवं होतं ते खरंच वजूसाठी."

आणि मग मेहरंगेज हसली. तोंडावर हात दाबून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सालोमतआपा आधी तिच्यावर डोळे वटारत होती, मग तीही हसू लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. खऱ्या पाहुण्या जिझाखहून निघाल्या होत्या त्या उशीर होऊन आता बाजाराच्या वळणावर होत्या. पंधरा मिनिटांत येतो म्हणाल्या. ती उडालीच. "या अल्ला! मी हलवा बाहेर काढते. तुम्ही उठू नका हं, दारी आलेला पाहुणा रित्या तोंडाने जाऊ नये. स्वयंपाकघरात बसा जरा, माझ्यासाठी. मेहरंगेज, पियाले विसळ!"

स्वयंपाकघरात मेहरंगेजने आम्हाला पुन्हा चहा दिला. या वेळी तळाशी दोन घोट. सनोबर त्या दोन घोटांकडे बघत राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "मघाशी तू आम्हाला उठा म्हणालीस."

मेहरंगेज पियाला पुसत राहिली.

"मुलगा वाईट आहे का?"

"वाईट कसा असेल, आपा? एकदाच भेटलो. एका तासात त्याने तीनदा माझं नाव विचारलं."

मला हसू आलं. सनोबरला आलं नाही.

"आईला सांगितलंस?"

"आई म्हणते, लाजला असेल. आई म्हणते, माझं वय झालं, तुझं घर बघून डोळे मिटू दे. यावर काय बोलणार?" तिने विसळलेले पियाले एकावर एक ठेवले. "म्हणून आज भरून देणार होते. दाखवून देणार होते सगळ्यांना. ते तुमच्यावर गेलं, माफ करा."

मी सनोबरकडे पाहिलं. तिची तोबा मला ठाऊक होती. सोयरिकीबद्दल एक शब्द नाही, आयुष्यात नाही. दोन घोट प्यावेत आणि उठावं, एवढंच तिच्या हातात होतं. तिने पियाला बाजूला ठेवला.

"पियाल्याने सांगू नकोस," ती म्हणाली. "ऐक माझं. मी एक्केचाळीस घरी चहा प्यायलेली बाई आहे. एका घरी एका मुलीने मला असाच काठोकाठ दिला होता. मला कळलं होतं. तितकंच स्वच्छ कळलं होतं जितकं आज कळलं. आणि मी म्हटलं, पोर लाजलीय, हात थरथरतोय. मीच म्हटलं ते. ज्याला बघायचं नाही त्याला भरलेला पियाला दिसत नाही, पोरी. तोंडाने सांग. आईला. आत्ता. कठीण आहे, पण नंतरचं याहून कठीण आहे."

"मीही तिथे होते," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. एकटीने सगळं अंगावर घेतलेलं मला बघवलं नाही.

दारात सालोमतआपा हलव्याचं ताट घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"मेहरंगेज," ती म्हणाली, "तीनदा विचारलं?"

"तीनदा. तिसऱ्यांदा मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. त्याला कळलं नाही."

"काय सांगितलंस?"

"तुझं."

सालोमतआपाने ताट फळीवर ठेवलं. काही बोलणार तेवढ्यात बाहेर कडी वाजली. तिने ओढणी सारखी केली, मुलीच्या हातातून किटली काढून घेतली आणि म्हणाली, "तू बस इथे. पाहुण्यांशी बोल."

आम्ही तिघी दाराच्या फटीतून बघत होतो. हो, बघत होतो. नमाजी बाईने फटीतून बघू नये हे मला माहीत आहे. तीन बायका आल्या, बसल्या, हवेबद्दल बोलल्या, गर्दीबद्दल बोलल्या. सालोमतआपाने हसत हसत, अगदी गोड बोलत, स्वतःच्या हाताने तिघींना चहा ओतला. तिन्ही पियाले काठोकाठ. हात जराही थरथरला नाही. त्यातल्या वडीलधारीने पियाल्याकडे पाहिलं, मग सालोमतआपाकडे. शहाणी बाई होती. चहा प्यायली, दुआ केली, उठली. तिचे नान तिच्या रुमालात सगळेच्या सगळे परत गेले. ज्या घरी नान मोडला नाही त्या घरी पुन्हा जायचं नसतं, तेवढं सगळ्यांनाच कळतं.

शेजारणी काय म्हणतील, असं मी सालोमतआपाला विचारलं. "म्हणू देत," ती म्हणाली. "आज एका दुपारी दोन स्थळं आली माझ्या पोरीला. त्यांच्याकडे वर्षात एक येत नाही." मग सनोबरचं गाठोडं तिने हातात ठेवलं. आमचेही दोन्ही नान अख्खे. वर हलव्याची पुडी.

गल्लीच्या टोकाला सनोबरने गाठोडं काखेत धरलं. मग म्हणाली, "एक्केचाळीस लग्नं जमवली, मुनिरा. आजवर मला कुणी नकार दिला नव्हता. आज मिळाला, तोही मागणी न घालता."

"मुलगी चांगली होती," मी म्हटलं.

"फार चांगली होती," ती म्हणाली. "ताश्कंदच्या गाडीतला तो मुलगा..."

"सनोबर!"

"बरं, बरं."

सोमवारी दुपारी कोकंदला उतरलो. मोहल्ल्यात नवरोजच्या कढया चढल्या होत्या, गव्हाच्या कोंबांच्या सुमालकचा गोड वास गल्लीभर. वळणावर सनोबर थांबली. उजवीकडे नाला, डावीकडे गल्ली. तिने गाठोडं छातीशी धरलं आणि डावीकडे वळली. माझ्या भावाच्या दाराशी येऊन कडी वाजवली तेव्हा तिची ओढणी सुटली होती ते तिला कळलंही नाही.

दार दिलोरोमने उघडलं. तिने सनोबरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाजूला झाली. वहिनीने दस्तरखान पसरलं. सनोबरने गाठोडं सोडून नान मधोमध ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दिलोरोम, तू त्या दिवशी पियाला भरून दिलास. मी बघितलं होतं. तुझा हात थरथरत नव्हता."

"मीही बघितलं होतं," मी म्हटलं.

वहिनीच्या हातातला चमचा खाली आला. दिलोरोम पुढे सरकली. तिने किटली उचलली, तीनदा ओतून परत घातला चहा, आणि सनोबरच्या पियाल्यात ओतायला लागली. ओतत गेली. काठाला आला. काठावर फुगला. उजवा हात छातीशी धरून तिने पियाला सनोबरच्या हाती दिला.

सनोबरने तो घेतला. चटका बसला असणार. तिने तो एका दमात संपवला, पियाला पालथा घातला आणि गुडघ्यावर हात टेकून, "या अल्ला" म्हणत उठायला लागली.

"बसा हो, आपा!" दिलोरोमला हसू आवरेना. परत आल्यापासून मी तिचं हसू पाहिलं नव्हतं. "एवढं लगेच कळतं आता?" तिने पियाला सुलटा केला, तळाशी दोन घोट ओतले, आणि एक नान हातात घेऊन मोडला.

सनोबर बसली. संध्याकाळपर्यंत तिने दोन-दोन घोटांचे अकरा पियाले घेतले. मगरिबच्या नमाजाची वेळ झाली, ह्यांचं जेवण राहिलं होतं, म्हणून मी निघाले. दारातून वळून पाहिलं तर ती दिलोरोमला सांगत होती, "तुझ्यासाठी नाही गं, शपथ. समरकंदला एक मुलगी आहे, उंच, आणि गाडीत एक मुलगा होता. आधी तिला विचारायचं. आधी तिलाच."